बेल मी आधी उचलला

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कारणं सापडत गेली. आधी वाटायचं, साहेब हयात आहेत, उगाच कशाला. ते गेले तेव्हा वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. मग माझी बायको गेली. माझं खोटं नुसतं ऐकून ओळखणारं घरात कुणी उरलं नाही आणि गप्प बसणं आणखी सोपं झालं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं मी लांबवत आलोय. एक डोळा साथ देतोय तोवर लिहून टाकतो.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर. बाजार जुन्नरचा, सोयरीक घोडेगावकडची. आमचं घर पिढीजात शेतकऱ्याचं आणि पिढीजात पक्षाचं. माझ्या वडिलांनी पक्षाच्या सभेसाठी बैलगाडीतून माणसं नेली, मी ट्रॅक्टरमधून नेली. घरातलं पोरगं पहिल्यांदा मत द्यायला निघालं की कुणाला द्यायचं हे त्याला सांगावं लागत नसे. जेवताना कोणत्या हातानं घास घ्यायचा हेही कुणी सांगत नव्हतं, तसंच ते. मला कधी तिकीट नको होतं, ठेका नको होता. दर निवडणुकीत मी आमच्या केंद्रावर पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून बसायचो. आत बाकावर बसून येणारा मतदार गावचाच आहे ना हे ओळखायचं काम. गावात मला ओळखू न येणारा माणूस नव्हता, आणि त्या बाकावर बसायचा मला अभिमान होता.

आमच्या शेजारी मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं. घरधनी माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि मिरगाच्या आधी परत वर यायचे. परत आले की पहिला मुक्काम आमच्या रानात. मेंढरं रात्री रानात बसली की त्यांच्या लेंड्यांनी जमीन अशी तयार व्हायची की त्या साली दुसरं खत घालावं लागत नसे. बदल्यात आम्ही त्यांना बाजरी द्यायचो. हे माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आलेलं. मेंढरांनाही रस्ता पाठ होता. आमच्या बांधाशी आली की पुढची मेंढी आपोआप आत वळायची.

दादाची एकच मुलगी. जुन्नरला बारावीपर्यंत शिकली. लग्न झालं, पण नवऱ्यानं दुसरी बाई आणली आणि ही वर्षाच्या आत माहेरी परत आली. आईबाप कोकणात गेले की ती घरी एकटी असायची. झोपायला तिच्या घरी, जेवायला आमच्याकडे. आम्हाला मुलगी नाही. माझ्या बायकोनं तिला जवळ केलं होतं. मला ती काका म्हणायची.

नव्वदच्या दशकातलं ते साल जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं होतं. आमच्या गटातून साहेब उभे होते. साहेबांची जुन्नरला शिक्षणसंस्था होती आणि संस्थेचं मुलींचं वसतिगृह. तिथं मदतनिसाची जागा निघाली तेव्हा मीच तिला साहेबांकडे घेऊन गेलो होतो. "आपलीच पोरगी समजा," असं मी म्हणालो होतो. साहेबांनी लगेच हो म्हटलं. दिवाळीनंतर दादा कोकणात निघाला तेव्हा खुशीत होता.

"पोरीचं तुमी लई चांगलं केलंत," तो म्हणाला. "आता निवांत जातो. तुमच्या जिवावर ठिवून चाललोय."

"जा की. ती काय परक्याच्या घरी हाय का?" मी म्हणालो.

पौषात एके दिवशी संध्याकाळच्या एसटीनं ती आली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी आणि बायको नुकतेच रानातून आलो होतो. त्या दिवशी दुपारनंतर लाइट आली होती आणि दिवस बुडेपर्यंत आम्ही कांद्याला पाणी देत होतो. मी पाट वळवत होतो, बायको वाफ्यांची दारं धरत होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं सगळं ह्याच्यावर येऊन थांबलं.

ती चुलीपाशी बसली. एका हातात बांगड्या नव्हत्या आणि मनगटावर ओरखडे होते. बायकोनं पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"साहेबांनी हापिसात बोलावलं," ती म्हणाली. "कायम करायचं हाय, सही कर म्हणले. मी आत गेले तर दार लावलं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी उठून बाहेर जायला लागलो.

"थांबा काका. तुमी बी ऐका." तिचा आवाज बारीक झाला होता, पण रडत नव्हती. "टेबलावर पितळी तांब्या व्हता. तो मी त्यांच्या कपाळात घातला आन दार उघडून पळाले. रक्त आलं त्यांना. उद्या बगा तुमी."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. पलीकडच्या गावात प्रचाराची सभा होती. साहेबांनी टोपी डाव्या भुवईपर्यंत ओढली होती आणि टोपीखालून चिकटपट्टीची कड दिसत होती. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "जीपचं दार लागलं." सगळे हळहळले. मीही हळहळल्यासारखं केलं.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "निवडणूक होऊ दे. मग मी सोता त्यांना जाब इचारतो."

"निवडणूक झाल्यावर त्ये साहेब ऱ्हात्याल आन मी मीच ऱ्हाईन, काका," ती म्हणाली.

तिनं गप्प बसायला नकार दिला. गिरणीत सांगितलं, आडावर सांगितलं. कामावर जायचं बंद केलं. समोरच्या पक्षाला हे कळायला किती वेळ लागणार? त्यांच्या सभेत त्यांचा वक्ता "आमची गरीब भगिनी" म्हणून ओरडायला लागला. त्या माणसानं तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण त्यानं तोंड उघडलं आणि आमच्या लोकांना हवं ते मिळालं. आता ती दादाची पोर राहिली नाही, विरोधकांची झाली.

गावात दुसरा विषय नव्हता. केस कापायला बसलं तरी तेच, दुधाच्या डेअरीवर तेच. डेअरीवरचं एक बोलणं मला अजून आठवतं. कॅन लावून आम्ही सातआठ जण उभे होतो.

"माणूस वंगाळ आसंल, पण पक्ष चांगलाय," एक जण म्हणाला.

"पक्ष काय हापिसात दार लावून बसतो व्हय? तितं माणूसच बसतो," दुसरा.

"मग समोरच्याला देतोस का मत? त्यानं सख्ख्या भावाचं रान खाल्लंय राव."

"म्हंजी आता कमी घाण कोण त्ये हुंगत फिरायचं?"

लोक हसले.

"ह्ये बगा," डेअरीचा चेअरमन म्हणाला, "गावाला चारी कुणी मंजूर केली? साहेबांनी. उद्या साहेब पडलं तर कालव्याचं पाणी आपल्या शिवारात येनार हाय का?"

"आता तरी कुठं आलंय? चारीत पोरं किरकेट खेळत्यात."

पुन्हा हसणं. मग एक म्हातारा, जो सहसा बोलत नसे, म्हणाला, "पर बाईमाणूस सोताच्या अब्रूचं खोटं कशाला बोलंल?"

दोघातिघांनी आपापल्या कॅनची झाकणं दाबून बघितली. मग कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यानं टाकलीया तिला. उगंच टाकंल का?" आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी तिथं उभा होतो. तिच्या नवऱ्यानं तिला का टाकलं हे मला ठाऊक होतं. मी माझा कॅन उचलला आणि घरी आलो.

पण खरं सांगायचं तर गाव डळमळलं होतं. ज्या घरांनी आयुष्यात दुसऱ्या चिन्हाकडे बघितलं नव्हतं त्या घरांतल्या बायका "आमी न्हाई जायाचं मताला" म्हणायला लागल्या. पुरुष रागावत, पण त्यांनाही रात्री झोप लागत नसावी. पक्ष सोडवत नव्हता आणि पोरगी खोटी म्हणवत नव्हती, असं बऱ्याच जणांचं झालं होतं. साहेबांनी मला जुन्नरला बोलावून घेतलं.

"तुमचं गाव हातचं चाललंय," ते म्हणाले. "तुमच्या वडलांच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं."

वडलांचं नाव काढलं आणि मी विरघळलो. उपाय मीच सांगितला. कुणी माझ्या तोंडात घातला नाही. मी म्हणालो, "बेल-भंडारा करू."

आमच्याकडची रीत अशी. गावात वाद झाला, बांध कोरला म्हणा, चोरीचा आळ आला म्हणा, तर खंडोबाच्या देवळात पितळी ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवतात. हळदीच्या त्या पिवळ्या भंडाऱ्यासकट बेल उचलून जो सांगेल त्याचं गाव खरं धरतं. आणि एकदा एका बाजूनं उचलला की दुसऱ्या बाजूनं उचलायचा नाही. उचलला तर देवाला कोड्यात टाकल्यासारखं होतं असं जुने लोक म्हणत. त्यामुळं वाद तिथंच मिटायचा. पुन्हा तोंड उघडणाऱ्याच्या दारात कुणी जायचं नाही. खोटा बेल उचलल्याचं आमच्या गावात तोवर तरी कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणूनच ती आनंदानं तयार झाली. मी सांगायला गेलो तेव्हा अंगण झाडत होती. केरसुणी खाली टाकून म्हणाली, "बेल-भंडारा? उचलते की! आत्ता चला म्हणला तरी येते." मग हसली. त्या महिन्यात ती तेवढीच एकदा हसलेली मी पाहिली. "साहेब काय उचलनार न्हाईत काका. हात थरथरंल त्यांचा."

ह्यात ती चुकली नव्हती. देवळाकडे येताना साहेबांनी जीप ओढ्यापाशी थांबवली. ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि मला म्हणाले, "मी नाही उचलणार. आमचं कुलदैवत आहे ते. लेकराबाळांचा धनी आहे मी." मग म्हणाले, "माझ्यावर आळ आहे, माझ्या शब्दाला वजन नाही. गावातल्या माणसानं उचलला पाहिजे. तुम्ही सांगा, त्या संध्याकाळी मी तुमच्याबरोबर घोडेगावला होतो. एवढंच."

मी "बघू" म्हणालो. पण आत काय चाललं होतं ते सांगतो. मला साहेबांची कीव आली नव्हती. त्यांनी केलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मला दिसत होता तो मतमोजणीचा दिवस. आमचा माणूस पडलाय, समोरचे लोक माझ्या दारावरून गुलाल उधळत चाललेत आणि माझे वडील फोटोतून बघतायत. एवढंच दिसत होतं. त्यापुढं पोरीचा चेहरा आणून बघायचा प्रयत्न केला तर तो येतच नव्हता.

रविवार होता. सगळा गाव देवळात. पुरुष मंडपात, बायका डावीकडच्या ओट्यावर. गुरवानं ताट देवापुढं ठेवलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "कोण उचलतंय?"

ती बायकांतून उठली. डोक्यावरून न्हालेली होती, केस ओले होते. ओट्याच्या पायऱ्यांवर पोरं दाटीनं बसली होती आणि त्यांच्यातून वाट काढत तिला उतरावं लागत होतं. "सरक रं बाळा," असं ती म्हणत होती. मी ताटाच्या जवळ बसलो होतो. ती शेवटच्या पायरीवर आली आणि मी उठलो. मी घाई केली. अजून दोन पावलं ती चालली असती तर बेल तिच्या हातात असता आणि मला तो उचलताच आला नसता. हे मोजूनमापून मी घाई केली.

पान ओलं होतं, त्याला भंडारा चिकटला. मी म्हणालो, "त्या दिवशी सांजच्याला साहेब माझ्यासंगं घोडेगावला व्हते. पोरीचा कायतरी गैरसमज झालाय. खोटं आसंल तर खंडोबा बघंल."

कुणीतरी येळकोट म्हटलं. मागून सगळ्यांनी जय मल्हार केला, मोठ्यानं, ओझं उतरल्यासारखा. साहेबांनी टोपी न काढता हात जोडले.

ती पायरीवरच उभी होती. "काका," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, जणू स्वतःला समजावत असल्यासारखी म्हणाली, "तवा तर तुमी कांद्याला पाणी देत व्हता."

"आता न्हाई बोलायचं," चेअरमन म्हणाला. "देवाफुडं उचललाय त्यांनी."

ज्या बायका मताला जाणार नाही म्हणत होत्या त्यांच्यातली एक तिच्यापासून मागं सरकून बसली. डेअरीवरचा तो म्हातारा खाली बघत होता. लोक पांगले तेव्हा एकमेकांशी पावसापाण्याचं बोलत होते. आता त्यांना आपल्या पक्षाला सुखानं मत देता येणार होतं. ती सोय मी त्यांना करून दिली होती.

घरी बायकोनं नेहमीसारखं हातावर पाणी घातलं. हळद निघेना. मी चोळत होतो आणि ती तांब्या वाकडा धरून उभी होती. पाणी संपलं तेव्हा म्हणाली, "मग त्या दिशी दारं धरून कुणाला हाका मारत व्हते मी?"

मी हात पंचाला पुसले. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून खंडोबाच्या देवळात गेली नाही. चंपाषष्ठीला घरीच तळी उचलायची. मतदानाच्या दिवशी म्हणाली, "माझं अंग दुखतंय." मी तिला उठवायला गेलो नाही.

मी मात्र सकाळपासून शाळेतल्या केंद्रावर माझ्या बाकावर होतो. गर्दी चांगली होती, लोक हसतखेळत येत होते. दुपारच्या सुमारास ती आली. मला वाटलं होतं येणार नाही. अधिकाऱ्यानं यादीत नाव शोधलं, आणि रिवाजाप्रमाणं आम्हा एजंटांकडे बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं.

"ओळखता नव्हं मला, काका?"

समोरच्या पक्षाचा एजंट फिसकन हसला. मी म्हणालो, "हो. गावातल्याच आहेत." तिच्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा असं आदरार्थी बोललो. तिनं बोट पुढं केलं, शाई लावून घेतली, शिक्का मारला, मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली आणि निघून गेली. कुणाला दिलं असेल? समोरच्याला दिलं असेल तर त्यानं तरी तिचं काय भलं केलं होतं? त्याच्या वक्त्यानं बेल-भंडाऱ्यानंतर तिचं नावही काढलं नव्हतं.

साहेब निवडून आले. आमच्या गावानं भरभरून मतं दिली. मिरवणूक आमच्या आळीतून गेली. तिच्या दाराला आतून कडी होती. कुणीतरी दारावर गुलालाची मूठ फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तो गुलाल माझी बायको ओल्या फडक्यानं पुसत होती.

मिरगाच्या आधी मेंढरं आली. दुरून कुत्र्याचा आवाज आला आणि मी बांधावर जाऊन उभा राहिलो. रान मोकळं करून ठेवलं होतं, बाजरीचं पोतं पडवीत काढून ठेवलं होतं. दादा अगोदर घरी जाऊन आला असावा. पुढची मेंढी आमच्या बांधाशी आली आणि नेहमीसारखी आत वळली. तिच्या मागून दुसरी, तिसरी, मग सगळा कळप वळायला लागला. दादा पळत पुढं आला आणि काठी आडवी धरून त्यांना बाहेर काढायला लागला. मेंढरांना कळेना. एकीकडून काढली की दुसरीकडून शिरायची. कुत्राही गोंधळून मेंढरांना आतच घालत होता. दादा घामाघूम झाला होता. मी हात लावला नाही, कारण कुठल्या बाजूनं लावायचा हे मला कळेना.

"दादा, रान मोकळं ठिवलंय," मी म्हणालो.

"दिसतंय."

"मग?"

त्यानं शेवटच्या मेंढीला बांधाबाहेर ढकललं. धाप लागली होती. "मी कोकनात व्हतो," तो म्हणाला. "माझी लेक तुमच्या जिवावर ठिवून गेल्तो."

एवढंच बोलला. शिवी दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं. कळप ओढ्याच्या बाजूनं पुढं गेला. पुढच्या सालापासून त्यानं वाटच बदलली आणि काही वर्षांनी मेंढरं विकून टाकली. आमच्या रानात मेंढरं पुन्हा बसली नाहीत.

वसतिगृहाची नोकरी तर गेलीच होती. गावात तिला कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी हळदीकुंकवाला बोलावलंही नाही. तिचं दुसरं लग्न जमवायचा दादानं प्रयत्न केला, तर पाहुणे यायच्या आधीच बेल-भंडाऱ्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली असायची. "देवापुढं खोटी पडलेली बाई," असं म्हणायचे. शेवटी ती तळेघरच्या बाजूला एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली आणि तिकडेच राहिली.

साहेब पुढच्या वेळीही निवडून आले. मी त्याही वेळी बाकावर बसलो होतो, हेसुद्धा लिहायला हवं. चारीला दोन हंगाम पाणी आलं, मग ती फुटली आणि कुणी दुरुस्त केली नाही. साहेब गेले तेव्हा शोकसभेत माझ्या निष्ठेचा उल्लेख झाला. लोकांनी टाळ्या वाजवू नयेत म्हणून खुणा कराव्या लागल्या.

बायको शेवटी आजारी असायची. एकदा उन्हात लसूण सोलत बसली होती. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणाली, "तळेघरला जाऊन या."

"काय सांगू जाऊन?"

"जे झालं ते."

"आता त्याचा काय उपेग?"

"उपेगासाठी नकाच जाऊ," ती म्हणाली.

मी गेलो. घोडेगावहून एसटी पकडली. खिडकीशी बसून, बोलायचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. आधी ते लांबलचक होतं. त्यात पक्ष होता, चारी होती, वडील होते. गाडी घाटाला लागली तसं एकेक गळत गेलं आणि तळेघर येईपर्यंत फक्त तीन लहान वाक्यं उरली. तीच बरोबर आहेत असं वाटलं. निवडणुकीचे दिवस होते. खाली सगळीकडे भोंगे लावलेल्या जीपा फिरत होत्या, वर मात्र शांत होतं. भातखाचरं कापून झालेली, धस्कटं वाळलेली. शाळेपर्यंत चालत जावं लागलं. एका ठिकाणी बसलो, ती वाक्यं एकदा मोठ्यानं म्हणून बघितली. बांधावर गवत कापणाऱ्या बाईनं वर बघितलं तेव्हा उठलो.

स्वयंपाकघराच्या मागं ती मोठं पातेलं राखेनं घासत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून लगेच ओळखलं. हात धुतले, पदरानं पुसले.

"या काका. चालत आला? बसा." तिनं पोतं अंथरलं. "काकी कशी हाय?"

"आजारी असते."

"हं." ती आत गेली, चहा घेऊन आली. कपाला कान नव्हता, म्हणून खाली बशी दिली होती. "दादा गेले म्हायत आसंल तुमाला."

मला माहीत होतं. मी मयताला गेलो नव्हतो. मान हलवली.

आत भात शिजत होता, त्याचा वास येत होता. ती वाट बघत होती. तिनं मला वेळ दिला, हे मी शपथेवर सांगू शकतो, माझ्या शपथेला आता काही किंमत असेल तर. मी चहा संपवला. तोंड उघडलं आणि म्हणालो, "इकडं काम होतं. भीमाशंकरला निघालो होतो."

"भीमाशंकरची गाडी तर तळेघरावरून सरळ जाती काका. हिकडं उतरायचं काम नव्हतं." मग मदत केल्यासारखं म्हणाली, "इलेक्शन आलंय वाटतं? माझं नाव हाय आता हितल्या यादीत. त्यासाठी आलाय व्हय?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून. ते सोपं होतं. मी मत मागायला आलोय हे सांगायला मला लाज वाटली नाही. जे सांगायला आलो होतो त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं.

ती हसली. देवळाच्या आधी अंगणात हसली होती तसं नाही. "कुणाला द्यायचं? आपल्याच पक्षाला ना? बरं. सांगितलंत ते बरं झालं." मग पातेल्याकडं वळली. "अंधार पडायच्या आत निघा. परतीची गाडी चुकली तर हितं दुसरी न्हाई."

मी निघालो. फाटकापाशी वळून बघितलं. ती पाठमोरी बसून पातेलं घासत होती, आणि राखेचा खरखर आवाज वाटेच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

घरी बायकोनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि कूस बदलली. त्याच साली ती गेली.

नंतर ऐकलं की पोरगी आश्रमशाळाही सोडून कुठंतरी मुंबईच्या बाजूला गेली. तिचा पत्ता कुणाकडे नाही, आणि असता तरी आता मला एसटीची पायरी चढवत नाही. घाटात ठरवलेली ती तीन वाक्यं मात्र तशीच आहेत. गडी समोर नसला की मी ती रानात म्हणतो.

पोरी, मी कांद्याला पाणी देत होतो. तू खरं बोलत होतीस. मला माफ कर.